ज्येष्ठांचा रकाना

४ नोव्हेंबर
नवी वही. जुनीवर चहा सांडला, म्हणून.
लहान मुलांच्या वॉर्डाच्या डॉक्टर वानखडे मॅडमनी बोलावलं. वाटलं, कालच्या भरती-नोंदीत काही चुकलं. (चुकलं नव्हतं. दोनदा पाहिली होती.) काम वेगळंच निघालं. लहान मुलांच्या तातडीच्या उपचारांवर आपल्या देशात कोण लिहितं, कुठून लिहितं, कशावर लिहितं, याचा मॅडम अभ्यास करणार आहेत. म्हणजे रोग्यांचा अभ्यास नाही, अभ्यासांचा अभ्यास. डॉक्टरांच्या मासिकांतले लेख त्या निवडणार, मी संगणकावर एकेक ओळ भरायची. रकाने: शीर्षक, वर्ष, विषय, गाव, लेखक किती, ज्येष्ठ लेखक बाई की पुरुष, कनिष्ठ लेखक बाई की पुरुष.
"इंग्रजी वाचता येतं ना?"
"वाचता येतं मॅडम. समजत नाही सगळं."
"समजायचं नाहीच आहे. भरायचं आहे."
बारावीत गणित राहिलेल्या माणसाला असं वाक्य क्वचित ऐकायला मिळतं.

६ नोव्हेंबर
अडचण. ज्येष्ठ कसा ओळखायचा? लेखात वय दिलेलं नसतं. मॅ. ना विचारायला गेलो, तर एका मुलीला झटके येत होते. परत आलो.
नंतर लक्षात आलं, विचारण्यासारखं यात काहीच नाही. इथे लागायच्या आधी चार वर्षं राजकमल चौकाजवळ बबनकाकांच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवल्या. नावांचा क्रम मला कोणी शिकवू नये. आधी आजोबा, मग मोठे काका, मधले, धाकटे, मग मामाकुळ, आणि सर्वांत खाली किलबिल: 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' आणि चिंटू, परी, स्वराज. ताईच्या पत्रिकेत मी स्वतः किलबिलमध्ये होतो. शेवटून पहिला.
म्हणून नियम: पहिलं नाव ज्येष्ठ, शेवटचं कनिष्ठ. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. खाली तारीख आणि सही.

११ नोव्हेंबर
आज चोवीस ओळी. किरण, शशी आणि सुहास यांची वेगळी यादी केली. बाई की पुरुष हे मॅ. शोधून सांगणार.
मोठ्या शहरातल्या एका इस्पितळात कोणी डॉ. आर. के. आहेत. आतापर्यंत सात लेखांत आले, सातही वेळा शेवटी. वर्षं उलटली, वरची नावं बदलली, हा आपला किलबिलमध्येच. बिचाऱ्याला कोणी बढती देत नाही. तरी लिहिणं सोडत नाही. त्याचं नाव दिसलं की बरं वाटतं. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं.

१४ नोव्हेंबर
बालदिन. विभागप्रमुख, म्हणजे मोठे सर, वॉर्डात आले. मुलांना शिट्ट्या वाटल्या. फोटो झाले.
चार वाजता तिवस्याचा एक बाप धावत खाली आला. भरती असलेल्या मुलाचा धाकटा भाऊ कडेवर. "मॅडम, पोट्टं श्वास घेऊन राहिलं तं आतून शिट्टी वाजून राहिली!"
मी हसलो. मॅडम नाही हसल्या. डबा तसाच उघडा टाकून धावल्या. त्यांना असं धावताना पाहिलं की त्या पन्नाशीच्या आहेत हे खरं वाटत नाही. दुर्बीण घालून शिट्टी काढली. पोरगं तासाभरानं बिस्किट मागत होतं. बाप भिंतीला टेकून बसला होता, त्याला पाणी मी दिलं. हसल्याचं फार वाईट वाटलं.
मोठे सर पुन्हा आले. काढलेल्या शिट्टीसोबत फोटो काढला. म्हणाले, "वानखडे, यावर लेख लिहून टाका. मी आहोच."
शिट्टी कोणी वाटली होती, हे लेखात येईलसं वाटत नाही.

१९ नोव्हेंबर
आज आमच्याच विभागाचे जुने लेख यादीत आले. मोठ्या सरांचं नाव प्रत्येक लेखात शेवटी! एवढा मोठा माणूस, स्वतःचं नाव चिंटूच्या जागी टाकतो. मला भरून आलं. जिन्यात भेटले तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "सर, तुमच्यासारखा नम्रपणा मी कुठं पाहिला नाही. प्रत्येक लेखात नाव शेवटी."
सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "वानखडेंचा टायपिस्ट ना तू? समजदार आहेस."
बोलायला नको होतं की काय? पण वाईट वाटलेलं दिसलं नाही.

२८ नोव्हेंबर
लक्षात आलेलं, असंच: जुन्या लेखांवर एक-दोन नावं. नव्या लेखांवर अख्खी पत्रिका. मॅ. ना सांगितलं. म्हणाल्या, हे बरोबर टिपलंस, वेगळा तक्ता करू.
आणखी एक. गावाच्या रकान्यात त्याच त्या मोठ्या शहरांची नावं लिहून बोट दुखलं. विंचू, नाकातला हरभरा, फवारणीच्या बाटलीतून पाणी प्यालेली मुलं, आमच्या दारात रोज येतात. यादीत शोधावी लागतात.
मॅ. म्हणाल्या, "ज्यांच्याकडे ही मुलं येतात त्यांना लिहायला वेळ नसतो. वेळ असतो त्यांच्याकडे ती जात नाहीत."
मग डबा उघडला, आणि पुन्हा फोन वाजला.

९ डिसेंबर
यादी पूर्ण. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा ताडून पाहिली. एकही चूक नाही.
मॅ. नी बेरजा लावल्या आणि खुर्चीतून उठल्या. ज्येष्ठ लेखकांत अर्ध्याहून जास्त बाया निघाल्या! कनिष्ठांत बहुतेक पुरुष.
"पंकज, अरे, आम्ही आयुष्यभर उलटंच समजत होतो!"
इतक्या आनंदात त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जानेवारीत अकोल्याला मुलांच्या डॉक्टरांची परिषद आहे, तिथे हे मांडणार. आणि नंतर लेख. आणि त्या लेखात, मॅ. चे शब्द जसेच्या तसे: "लेखकांत तुझं नाव राहील. आभारात नाही, लेखकांत."
बाहेर जाऊन तोंड धुतलं.

१० डिसेंबर
ताईला अकोल्याला फोन केला. तिला एकटीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या जठारपेठेला माहीत होतं. भाऊजींचा फोन: "काय म्हणता सालेबुवा, लेखक झाले म्हणते! कथा काय हाय?"
म्हटलं, कथा नाही भाऊजी, रकाने आहेत.
"मंग त्यात मारामारी-गिरामारी काही?"

८ जानेवारी
नीट लिहितो.
परिषदेसाठी भिंतीवर लावायचा मोठा तक्ता बबनकाकांकडे छापून घेतला. इंग्रजीत. मथळ्यात मोठ्या अक्षरांत, ज्येष्ठ लेखकांत स्त्रिया पुढे. खाली नावं: मोठे सर, मग मी (बारीक अक्षरात, पण मी), शेवटी वानखडे मॅडम. क्रम मॅ. नीच दिला होता. मी मनात म्हटलं, सर मोठे म्हणून वर, बरोबरच आहे, आणि मॅडमही किती नम्र.
तक्ता सरांच्या टेबलावर उलगडला. सरांनी मथळा वाचला नाही. सरळ नावांवर गेले.
"वानखडे, हे का आहे? माह्यं नाव पयलं?"
"सर, अभ्यास माझा आहे."
"असंन. पण विभागप्रमुख मी आहो. सीनियर माणूस शेवटी असते. साऱ्या जगात शेवटी असते. हे का मी आता शिकवू तुमाले?"
"माहीत आहे सर. म्हणूनच मी शेवटी."
मी तक्त्याची दोन टोकं धरून उभा होतो. एक सुटलं.
सीनियर शेवटी असते. साऱ्या जगात.
माझ्या छातीत शिट्टी वाजली.
शेवटी सर म्हणाले, दोन्ही नावांवर पट्ट्या चिकटवून जागा बदला. मॅ. बाहेर गेल्या. त्यांना वाटलं, एवढंच झालं. मला माहीत होतं, यादीतली प्रत्येक ओळ उलटी आहे. पहिल्या ओळीपासून. दोनदा ताडून पाहिलेली.
डॉ. आर. के.!

८ जानेवारी, दुपारी
पट्ट्या छापायला प्रेसला गेलो. बबनकाकांना सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता पत्रिका मोजत होते.
"पोरा, पत्रिका चुकली तं दोनच रस्ते. पट्टी लाव, नाही तं मांडवात दिसू नको. मी एका पत्रिकेत नवरीच्या जागी तिच्या बहिणीचं नाव छापलं होतं. मंग? घरोघर फिरलो. हरेक घरी एक कप चाय अन् एक शिवी."
"काका, मॅडम काढून टाकतील मला. आणि नाव..."
"नाव तं अजून छापलंच नाही तुह्यं कुठं. अन् तिथं कोणी डॉक्टर उभा राहून म्हणला का बाई, हे खोटं हाय, तं? चार शहाण्यांसमोर तोंडघशी कोण पडते? तू का ती?"
मॅडम. हे मी लिहूनही पाहिलं. मॅडम.
काकांनी नावांच्या पट्ट्यांसोबत आणखी दोन छापल्या, इंग्रजीतच. मथळ्यातल्या 'ज्येष्ठ'वर चिकटवायला 'पहिल्या', आणि त्याखाली एक ओळ: शेवटच्या नावांत पुरुष. "खिशात असू दे," म्हणाले. "पट्टी जवळ असली का खरं बोलाले जोर येते."

९ जानेवारी
सांगायचा प्रयत्न तीनदा.
पहिल्यांदा: पलंगावरून पडलेलं मूल आलं.
दुसऱ्यांदा: मोठे सर आले.
तिसऱ्यांदा: कोणीही आलं नाही. मॅ. म्हणाल्या, "बोल, काय आहे?" मी म्हटलं, "परवा किती वाजता निघायचं?"
पट्ट्या खिशात आहेत. शर्ट बदलला की पट्ट्याही नव्या खिशात.

१० जानेवारी
काही नाही. सुटी घ्यावी असं वाटलं. ताप मोजला. नाही.

११ जानेवारी, अकोला (ताईकडे)
सकाळी गाडीनं निघालो. पुढे ड्रायव्हरशेजारी मोठे सर, मागे मॅ. आणि मी, मांडीवर तक्त्याची नळी. बडनेरा गेलं. सर क्रिकेटवर बोलत होते. मॅ. भाषणाचा कागद वाचत होत्या आणि मधेच स्वतःशी हसत होत्या. ते हसू पाहवेना.
मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. सर फोनवर बोलत लांब गेले. मी म्हटलं, "मॅडम, ज्येष्ठ शेवटी असतो हे मला माहीत नव्हतं."
"कुठं शेवटी?"
"लेखात. मी पहिल्या नावाला ज्येष्ठ धरलं. पत्रिकेसारखं."
मॅ. नी कप खाली ठेवला. एरवी त्या माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलतात.
"सगळीकडे?"
"सगळीकडे मॅडम. एकही अपवाद नाही. दोनदा तपासलं."
"म्हणजे चूकसुद्धा तपासून केली तू! अबे, विचारलं कावून नाही मले?"
"मुलीला झटके येत होते."
"कोणत्या मुलीले?"
"सहा नोव्हेंबरला."
मॅ. बाकावर बसल्या. लॅपटॉप उघडला. दोन रकान्यांची फक्त डोकी बदलली. एवढंच करायचं होतं. मजकूर जागच्या जागी बरोबर झाला. मी इतका नीटनेटका चुकलो होतो की चूक एका हातानं सरळ झाली. बेरजा पुन्हा लागल्या. पहिल्या नावांत, म्हणजे राबणाऱ्यांत, अर्ध्याहून जास्त बाया. शेवटी, म्हणजे मोठ्यांच्या जागी, बहुतेक पुरुष.
मॅ. नी बेरजा पुन्हा एकदा लावून पाहिल्या. चहावर साय आली.
"हे तं मले माहीतच होतं," म्हणाल्या. "मोजलं नव्हतं फक्त."
मी विचारलं, "मग ते डॉ. आर. के. कनिष्ठ नाहीत?"
"आर. के. कनिष्ठ? अरे, ते माह्या परीक्षेले आले होते. आमच्या बॅचचे अर्धे पोट्टे त्यांले पाहूनच नापास झाले!"
आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चहावाला पाणी घेऊन आला. मग एकदम थांबल्या. "भाषण तर मी केलं असतं उलटं," म्हणाल्या. मी खिशातून पट्ट्या काढून समोर धरल्या. थोड्या चुरगळल्या होत्या.
"केव्हापासून आहेत?"
"तीन दिवस."
मॅ. नी त्या बाकावर ठेवून तळहातानं सरळ केल्या.
सर गाडीत बसून हॉर्न वाजवायला लावत होते.

११ जाने., पुढे
ताई आणि भाऊजी सभागृहाबाहेरच उभे होते, ताईच्या हातात पोळ्यांचा डबा. डिंकाची बाटली सापडेना, भाऊजींनी समोरच्या दुकानातून आणली. मागच्या व्हरांड्यात तक्ता पसरून पट्ट्या लावल्या. भाऊजी टोकं दाबून बसले. म्हणाले, "लेखक असेच काम करतात का सारे?"
मॅ. चं भाषण दुपारी. समोर पहिल्या रांगेत मोठे सर. मॅ. नी आकडे मांडले, आणि मग म्हणाल्या, "आमच्या नोंदीत आधी ज्येष्ठ-कनिष्ठ उलटे झाले होते. ते नोंद करणाऱ्यानं स्वतः येऊन सांगितलं. न सांगता हे आज खपलं असतं, कारण ऐकायला सगळ्यांना आवडलं असतं." मग पहिल्या नावांचं आणि शेवटच्या नावांचं सांगितलं. मागच्या रांगेतल्या दोन-तीन तरुण डॉक्टर मुलींनी आधी टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनी. शेवटी सरांनीही. माईक मागून घेतला आणि म्हणाले, "हे मी नेहमीच म्हणत आलो आहे."
ताईनं विचारलं, "हे तेच का, नम्र म्हणत होता ते?"

१२ जानेवारी, अमरावती
परतीच्या वाटेत सर बोरगाव मंजूपर्यंत फोनवर. मग मागे न वळता: "पंकज, तू म्हणला होतास ना मले, मी नम्र आहो म्हणून?"
"हो सर."
"मंग?"
"सर, तेव्हा रकाने उलटे होते."
ड्रायव्हरला खोकला आला. मॅ. खिडकीबाहेर पाहत होत्या, खांदे हलत होते.

२९ जानेवारी
लेख लिहून झाला. मॅ. चा. पाठवायचं काम माझं. मासिकाचा संगणकावर मोठा अर्ज आहे, एक पान भरल्याशिवाय दुसरं उघडत नाही. प्रत्येक लेखकानं नेमकं काय केलं हेही लिहावं लागतं. मॅ. च्या नावापुढे सहा ओळी झाल्या. सरांना फोन करून विचारलं, तुमच्यापुढे काय लिहू?
"मार्गदर्शन."
"कोणतं सर?"
"एकंदर."

३ फेब्रुवारी
नावांचा क्रम अडला आहे. सर म्हणतात, विभाग माझा, मी शेवटी. मॅ. म्हणतात, विचार माझा, लेख निवडले मी, मांडलं मी. अकोल्याला पट्टी लावू दिली, इथे लावू देणार नाही. दोघांनाही शेवटची जागा हवी. पहिल्या जागेवर कोणीच बसत नाही.
आज मॅ. म्हणाल्या, "पहिलं नाव कोणाचं असतं? ज्यानं सगळ्यात जास्त घाम गाळला त्याचं. ओळी कोणी भरल्या?"
"मी. पण मॅडम, उलट्या..."
"भरल्या ना?"
ताईला फोन केला. "पयलं नाव? म्हंजे सगळ्यात मोठा?"
"नाही ताई, इथे पहिला म्हणजे सर्वांत लहान."
"मंग काय बदललं? माह्या लग्नातही तेच होता तू."

४ फेब्रुवारी
अर्ज उघडला. माझं नाव पहिल्या चौकटीत लिहिलं. पंकज वासुदेव इंगोले. अक्षर अन् अक्षर पाहिलं. 'काय केलं' याच्यापुढे लिहिलं: नोंदी केल्या, चुकवल्या, सांगितल्या. मॅ. नी वाचलं आणि तसंच राहू दिलं.
खाली 'पदवी'. लाल चांदणी असलेला रकाना, रिकामा चालत नाही. 'बारावी, गणित बाकी' लिहून पाहिलं. घेत नाही.
मॅ. चा फोन. मागे कोणाचं तरी बाळ रडत होतं. "गेला का लेख?"
"दोन रकाने राहिले मॅडम. शेवटचं नाव, आणि माझी पदवी."
"शेवटच्याचं मी पाहते. सरांच्याच केबिनकडे निघाली आहे. पदवीचं तू पाहा." आणि मग, "गणिताची परीक्षा कधी असते रे?"
सांगितलं. जुलै. मला पाठच आहे, दरवर्षी तारीख पाहून ठेवतो.
"फॉर्म भर. अडलं तर मला विचार. पण या खेपेस विचार बरं."
फोन बंद. संगणकावर दोनच बटणं: पाठवा, किंवा कच्चा म्हणून ठेवा. कच्चा ठेवला. कच्च्यात माझं नाव पहिलं आहे. तीनदा पाहिलं.
वरच्या मजल्यावर मोठ्या सरांच्या केबिनचं दार लागल्याचा आवाज आला. मॅ. दाराच्या आत की बाहेर, कळलं नाही.